ऐकण्याची कांब

आमच्या घरात एक वाक्य पुरं व्हायला
दोन-तीन माणसं लागायची.
एकानं सुरू करायचं, दुसऱ्यानं पळवायचं,
शेवट मात्र कुंदाआत्याचा.
ती दिवसभर एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडायची
आणि घरी येऊन सगळ्यांचे मध्येच तोडायची.
दादा माहीमच्या मैदानात कबड्डीचं समालोचन करायचे,
घरी माईक नव्हता, पण त्यांना तो दिसत असावा.
आई तर आमटीशीसुद्धा बोलायची,
उतू नको गं बाई, आलेच.

आणि विदू.
विद्याधर, माझ्याहून तीन वर्षांनी लहान,
जेवताना ताटाच्या कडेला
कढीपत्त्याची पानं ओळीनं लावणारा.
पाणी नको असेल तर पेला पालथा,
हवं असेल तर सरळ.
एवढ्यावर त्याचं भागायचं.

त्याच्या वतीनं आम्हीच बोलायचो.
विदूला भेंडी आवडत नाही.
विदूला पाण्याची भीती वाटते.
विदूला निळाच शर्ट हवा.
हे कोणी ठरवलं, आता आठवत नाही.
भेंडी तो ताट पुसून खातो
हे मला त्याच्या बायकोनं सांगितलं,
तो पन्नाशीला आल्यावर.

एकदा प्रगतिपुस्तकात शेरा आला, वर्गात बोलत नाही.
दादा शाळेत गेले. बाईंशी पाऊण तास बोलले,
बोलत नाही म्हणजे काय,
आमच्याकडे सगळे बोलतात!
विदू दाराशी उभा राहून
शाळेची पितळी घंटा बघत होता.
परत येताना दादांनी सगळं पहिल्यापासून
त्यालाच पुन्हा सांगितलं.

एकदा मी त्याला चिमटा काढला,
ओरडतो का ते बघायला.
दंडाला, जोरात, पीळ देऊन.
त्यानं माझ्याकडे पाहिलं
आणि दंड जरासा पुढे केला,
अजून काढायचा असेल तर.
हे मी कोणालाच सांगितलं नाही.
आमच्या घरातली न सांगितलेली
बहुतेक एवढी एकच गोष्ट.

पुढे तो महापालिकेच्या पाणी खात्यात लागला.
गळती शोधायचं काम.
रात्री दोननंतर शहर जरा दमलं की
रस्त्यावर लोखंडी कांब टेकवायची,
वरचं टोक कानाला,
आणि ऐकायचं, खाली कुठे पाणी फुकट जातंय.
आम्ही हसलो. आत्या म्हणाली,
बरं झालं, पाइप काही याला उत्तर मागणार नाही.

गेला तेही रात्रीच.
नर्स म्हणाली, कळलंच नाही हो.

तेराव्याला घर भरलं होतं.
सगळे विदूबद्दल बोलत होते,
म्हणजे आपापल्याबद्दल.
त्याचं असं एक वाक्य कोणाला आठवेना,
तर आम्ही त्याच्यावरही बोललो, बराच वेळ.
तेवढ्यात दारात एक माणूस,
पिशवी छातीशी धरलेली.
भिकाजी घाग, पाणी खातं,
साहेबांबरोबर सव्वीस वर्षं रात्रपाळी.
आत्याकडे बघून म्हणाला, तुम्ही ट्रंक कॉलवाल्या.
आईला वाकून नमस्कार केला, विचारलं,
आमटी ऐकते का अजून?
मग माझ्याकडे वळला.
तुम्ही चिमटा.

घर गप्प झालं.
पंखा एवढा वाजतो
हे मला त्या दिवशी कळलं.

साहेब रात्रभर बोलायचे, घाग सांगत होता,
शितळादेवीपासून धारावीच्या नाक्यापर्यंत,
एका व्हॉल्व्हपासून दुसऱ्या व्हॉल्व्हपर्यंत, तुमचंच.
दादांचा आवाज तर असा काढायचे
की कुत्री उठून बसायची.
मी फार हसलो की म्हणायचे,
थांब जरा घाग, आता ऐकू दे,
आणि कांब टेकवायचे.

कोणी काही विचारेना.
आत्या नुसती पदराचं टोक उलगडत, दुमडत.
शेवटी मीच म्हटलं,
घाग, त्याचा आवाज कसा होता हो,
एवढा वेळ बोलताना?

घागनं थोडा विचार केला.
चांगला होता, म्हणाला.
पहाटे पहाटे बसायचा.